स्थलांतरिताचे यश आणि सामान्यत्वाचे मोल : ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ या कथेचा विचार

झुंपा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ (१९९९) या कथासंग्रहास २००० साली पुलित्झर पारितोषिक लाभले. या संग्रहातील अखेरची कथा ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ ही होय. तिचा अनामिक बंगाली निवेदक १९६४ मध्ये बोटीने भारत सोडतो, लंडनमध्ये काही वर्षे काढतो आणि १९६९ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या ग्रंथालयात नोकरी पत्करतो. त्याच सुमारास कलकत्त्यास त्याचा विवाह होतो. नोकरी, पत्नी, घर आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकणारा मुलगा, असा हा यशस्वी स्थलांतरिताचा परिचित आलेख आहे. तथापि कथेचे मर्म या आलेखात नाही.

कथेच्या रचनेवरून ही बाब स्पष्ट होते. जवळजवळ तीस वर्षांचा संसार शेवटच्या काही परिच्छेदांत आटोपतो. कथेचा मोठा भाग व्यापला आहे तो आठवड्याला आठ डॉलर भाड्याच्या खोलीतील सहा आठवड्यांनी. घरमालकीण मिसेस क्रॉफ्ट १०३ वर्षांच्या आहेत. चंद्रावर अमेरिकेचा ध्वज फडकल्याचे त्या रोज सांगतात आणि निवेदकाकडून त्याबद्दल मोठ्याने कौतुकोद्गार वदवून घेतात. भाडे पियानोवर ठेवण्याऐवजी तो पाकीट त्यांच्या हाती देतो. या साध्या कृतीतून व्यवहाराचे रूपांतर आदरात होते. वैधव्यानंतर निवेदकाच्या आईचे मानसिक संतुलन ढळले होते, तर मिसेस क्रॉफ्ट यांनी पियानोच्या शिकवण्या करून मुले वाढविली. आईची सेवा करण्यात आलेले अपयश आणि या वृद्धेविषयीची काळजी यांचा परस्परसंबंध लेखिकेने संयमाने सूचित केला आहे. पुढे याच वृद्धेच्या पसंतीच्या शब्दांमुळे निवेदक आणि माला यांच्यातील परकेपणा प्रथमच विरघळतो. परक्या देशात कुटुंब उभे राहते, त्यामागे तिऱ्हाईताने दिलेली मान्यता असते, हे येथे प्रत्ययास येते.

मात्र ही मान्यता एकट्या माणुसकीवर उभी नाही. निवेदकास सहाव्या प्राधान्यवर्गातील ग्रीन कार्ड मिळाल्याचा ओझरता उल्लेख कथेत आहे. १९६५ च्या अमेरिकी कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द करून कौटुंबिक नाते व व्यावसायिक कौशल्य यांना प्राधान्य दिले होते. म्हणजेच निवेदकाचे ‘सामान्य’ जीवन कायद्याच्या निवडीतून शक्य झाले आहे. या प्राधान्यवर्गांत न बसणाऱ्यास हे दार सहजी उघडले नसते. कथा या प्रश्नाकडे वळत नाही.

दुसरी मर्यादा मालाच्या चित्रणाची आहे. प्रथमपुरुषी निवेदनामुळे तिचे स्थलांतर पतीच्या नजरेतूनच दिसते. तिचे एकाकी दिवस, तिच्या कलागुणांचे पुढे काय झाले, हे अंधारात राहते. पूर्वी आईवडिलांसाठी रडणारी माला पुढे कधी मुलासाठी रडते, एवढीच नोंद येते. करिअरचा इतिहास पतीचा आणि विरहाचा इतिहास पत्नीचा, अशी ही विभागणी चिकित्सेस पात्र ठरते.

या मर्यादा मान्य करूनही कथेचे महत्त्व उणावत नाही. आपल्या पश्चात मुलगा हाताने भात खाईल का, बंगाली बोलेल का, ही आईवडिलांची चिंता यशाच्या आलेखात कोठेही बसत नाही. चंद्रावर काही तास घालविणाऱ्या वीरांपेक्षा नव्या भूमीवर तीस वर्षे टिकणाऱ्या माणसाचे मोल लाहिरी अधिक मानतात. त्या टिकण्याची किंमत कोणी, किती मोजली, हा प्रश्न मात्र कथा वाचकाच्या स्वाधीन करते.