सुयांना घरात जागा

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा पौषात भरते. बैलबाजारासाठी ती नावाजलेली आहेच, पण थंडीच्या त्या दिवसांत तिथे घोंगड्याही विकायला येतात आणि शहापूर-मुरबाडकडची माणसे हाताने पारखून, घासाघीस करून त्या घेतात. पुढे उन्हे तापू लागली, शेतातली कामे सरली की शहापूरच्या शेणवा-किन्हवली पट्ट्यात जुनी लुगडी आणि धोतरे बाहेर निघतात आणि गोधड्या शिवायला घेतल्या जातात. इथे ऊब ही आधी गरज आहे, कला नंतर. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी विणकाम, क्रोशाकाम आणि गोधडी हे सुईचे काम जपले, त्याचे कौतुक करताना हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. अशा कौतुकात बहुतेक वेळा मायदेशाच्या आठवणीला सगळे श्रेय दिले जाते. मला ते पटत नाही. नुसत्या आठवणीच्या जोरावर कला फार तर भिंतीवर टांगली जाते. हातात ती टिकायची, तर घराच्या रोजच्या रगाड्यात तिला ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि खरोखरीचे काम मिळावे लागते. परदेशातल्या कित्येक मराठी घरांनी तिला या तिन्ही गोष्टी दिल्या, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण त्यातच आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा बाळंतपणात दिसतो. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला जाते, तेव्हा तिकडच्या नियमाप्रमाणे पाहुणी म्हणून तिला एका वेळी साधारण सहा महिने राहता येते. विमानात नेता येणारे सामान किलोवर मोजलेले असते. तरीही डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी विणलेले टोपडे, पायमोजे, कुंची आणि मऊ सुती लुगड्याची छोटी गोधडी यांच्यासाठी जागा काढली जाते. पाळण्यापर्यंत पोचणाऱ्या या वस्तूंइतकेच महत्त्व पुढच्या सहा महिन्यांना आहे. बाहेर बर्फ असते, गाडी चालवता येत नसते, शेजारपाजार ओळखीचा नसतो. अशा वेळी आजीच्या हातात सुया येतात आणि लेक किंवा सून शेजारी बसून टाके घालायला शिकते. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत लोकरीचा स्वेटर वर्षातून दोन-तीन महिनेच अंगात चढतो. शिकागो किंवा टोरांटोच्या थंडीत त्याला निम्मे वर्ष काम असते. म्हणजे जी कला इथे हौसेच्या काठावर उभी होती, तिला तिथल्या हवेने गरजेच्या मध्यभागी आणून बसवले. परदेशात ती तगली, कारण तिथे तिचा उपयोग वाढला.

दुसरा पुरावा घरातल्या टापटिपीचा आहे. सुईचे काम म्हणजे घरभर पसारा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ही कला जन्मली तीच वस्तू नीट वापरण्याच्या शिस्तीतून. मुलाला तोकडा झालेला स्वेटर उसवताना आधी बाजूच्या शिवणी काळजीपूर्वक उलगडतात, मग शेवटी बंद केलेल्या टाक्यांचे टोक शोधून धागा ओढत जातात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लोकरीची लडी करतात, ती चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात धुतात आणि ओली टांगून ठेवतात. स्वतःच्या वजनाने धाग्यातल्या सुरकुत्या उतरतात. मग त्याचा गुंडा होतो आणि काठाला दुसऱ्या रंगाची भर घालून तीच लोकर पुढच्या मापाच्या स्वेटरात जाते. गोधडीचेही तसेच. दोन-तीन जुनी लुगडी जमिनीवर ताणून एकावर एक अंथरायची, लांब कच्च्या टाक्यांनी ती हलू नयेत अशी धरून ठेवायची आणि मग कडेपासून आत येत बारीक धावदोरा घालायचा. जुने कापड एकेकटे विरलेले असते, पण टाक्यांनी एकत्र आल्यावर आणखी कित्येक वर्षे काम देते. काय ठेवायचे, काय टाकायचे आणि काय पालटून वापरायचे हे ठरवणे म्हणजेच घर लावणे. परदेशातल्या आटोपशीर घरात एक खण सुया-लोकरीला, एक जुन्या सुती साड्यांना, आणि हातातले काम संपल्याखेरीज नवे घ्यायचे नाही एवढा नियम पाळला, तर या कामाने घराला उलट शिस्त लागते.

तिसरा पुरावा वाचनाचा, आणि तो या कामाशी वरवर दिसतो त्याहून जवळून जोडलेला आहे. विणकामाचा नमुना वाचावा लागतो. ओळीमागून ओळ, दोन सुलट, दोन उलट, कुठे टाका वाढवायचा, कुठे दोन एकत्र घ्यायचे. एक ओळ चुकली की पुढची सगळी वीण बिघडते. मासिकांतले असे नमुने कापून वहीत चिकटवणे ही मराठी घरांतली जुनी रीत आहे. शिवाय पुस्तकांची अडचण दुहेरी असते: परदेशात मराठी पुस्तके मिळवणे कठीण आणि मिळाल्यावर ठेवणे कठीण. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने यावर चांगला तोडगा काढला. 2009 साली सुरू झालेल्या या उपक्रमात 25 पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि वाचून झाली की गट आपापसांत पेट्या बदलून घेतात. दुबई, टोकियो, नेदरलँड्सपर्यंत या पेट्या पोचल्या. पुस्तक फिरते राहते, त्यामुळे कपाट भरत नाही आणि वाचन थांबत नाही. 2017 मध्ये 'स्टोरीटेल'ने मराठी पुस्तके ऐकण्याची सोय केली, तेव्हापासून तर हात सुईवर आणि कान कादंबरीवर ठेवता येतात. वाचन, विणकाम आणि नेटके घर या तिन्हींना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे दिवसातला राखून ठेवलेला थोडासा वेळ. त्यांतल्या एकाला तो मिळाला की उरलेली दोन्हीही त्यात सामावतात.

यावर पहिला आक्षेप असा की, लोकरीचे विणकाम मुळात मराठी नाहीच, मग ते परदेशी जपण्यात मराठीपण कसले? सुयांवरचे विणकाम आपल्याकडे युरोपीय लोकांबरोबर आले आणि मिशनच्या शाळांतून पसरले, हे खरे आहे. पण कला कुठून आली यापेक्षा तिचे इथे काय झाले हे पाहायला हवे. युरोपात घडलेली बाजाची पेटी गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली मराठी झाली आणि आज तिच्याशिवाय नाट्यपदाची कल्पना करवत नाही. विणकामाचेही तेच झाले. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिक्षणाच्या जोडीला शिवणकाम आणि हस्तकला शिकवल्या जात. तिथे सुई ही विधवा आणि गरजू बायकांच्या स्वावलंबनाचे साधन झाली. कुंची आणि टोपडे हे बाळाच्या कपड्यांचे जुने प्रकार लोकरीत उतरले. शंभराहून अधिक वर्षे मराठी बायकांच्या हातात राहिलेल्या कामाला परके म्हणणे म्हणजे त्या बायकांच्या श्रमाला नाकारणे आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. दुकानात स्वस्त आणि उबदार पांघरूण मिळत असताना महिनाभर डोळे का शिणवायचे? हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणणारे यंत्र 1589 साली बनवले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. यंत्रामुळे हाताची वीण मरायची असती, तर तिला चारशे वर्षे मिळाली होती. ती जगली, कारण यंत्र जे देत नाही ते ती करणाऱ्याला देते. 2013 साली ब्रिटनमधल्या एका व्यवसायोपचार नियतकालिकात जगभरातल्या 3,545 विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे अधिक वेळा विणतात, त्यांनी आपण अधिक शांत आणि आनंदी असल्याचे सांगितले होते. ही लोकांनी स्वतःच दिलेली उत्तरे आहेत, आणि विणण्याची आवड असणाऱ्यांनीच ती दिली, म्हणून त्यांवरून ठाम कार्यकारण सांगता येणार नाही. पण परक्या देशात, दिवस लहान आणि रात्र मोठी असताना एकट्या पडलेल्या माणसाला हाताला चाळा आणि मनाला ठाव देणाऱ्या कामाचे मोल कळायला पाहणीचीही गरज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शहापूर-मुरबाडच्या बाईने गोधडी शिवली ती विकतचे पांघरूण परवडत नव्हते म्हणून, आणि परदेशातली सुखवस्तू बाई ती शिवते हौस म्हणून. मग हा एकीच्या टंचाईचा दुसरीने केलेला सोहळा नाही का? टंचाईचे कौतुक करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण गरजेपोटी केलेल्या कामात नजर आणि कौशल्य नसते, हे मला मान्य नाही. कोणता काठ बाहेर ठेवायचा, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी बसवायचा, हे निर्णय गरिबीने घेतलेले नसतात, ते त्या बाईने घेतलेले असतात. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचे पुस्तक फ्रान्समधल्या 'क्विल्टमेनिया' या प्रकाशनाने काढले. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात 1997 पासून केवळ अशा शिवलेल्या पांघरुणांसाठी एक मोठे संग्रहालय उभे राहत गेले आहे. जगाने या कामाला कला म्हटले, ते त्यातली नजर पाहून. म्हणून आक्षेपाचे उत्तर गप्प बसण्यात नाही, देणे फेडण्यात आहे. जो परदेशी हात गोधडीचे कौतुक करतो, त्याने मूळच्या हाताला योग्य दामही द्यावा.

यातून परदेशातल्या मराठी मंडळांसाठी काही साध्या गोष्टी निघतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. गणेशोत्सव, नाटके, मराठी शाळा हे सारे त्यांनी उभे केले आणि टिकवले. त्यांच्या कार्यक्रमांत हस्तकलेचे प्रदर्शन भरले, तरी ते अधूनमधून होते आणि कला रोज लागते. मराठी शाळेत शनिवार-रविवारचा एक तास सुयांना द्यावा, मुलांना आणि मुलींना सारखाच. हाताने काही करत असताना मूल मराठी बोलते ते परीक्षेसाठी नसते, कामासाठी असते, आणि तसे बोललेले अंगात मुरते. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना पाहुणे म्हणून खुर्चीत न बसवता शिकवायला बसवावे. ग्रंथपेटीच्या गटाने वाचनाच्या बैठकीला लोकर घेऊन यावे. आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या बचत गटांकडून दरवर्षी काही गोधड्या रास्त भावाने घ्याव्यात, शिवणारीचे श्रम मोजून. मुले पुढे हे काम करतील का, अशी काळजी अनेक पालक बोलून दाखवतात. ती काळजी वाहण्याऐवजी आपल्या घरात या कामाला एक खण, एक तास आणि एक खरी गरज आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे. मुले सांगितलेले विसरतात, पण घरात रोज चालणारे काम त्यांच्या हातात आपसूक येते.