मैफलीतील ध्वनिमुद्रिका
मैफलीतील ध्वनिमुद्रिका : श्रोत्यांसमोर चाललेल्या कार्यक्रमातच मुद्रित केलेली ध्वनिमुद्रिका. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात अशा काही एकगीती ध्वनिमुद्रिकांना असाधारण यश लाभले. स्टीव्ही वंडरची ‘फिंगरटिप्स’ (१९६३) ही अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या सूचीत अग्रस्थान मिळविणारी या प्रकारातील ध्वनिमुद्रिका होय. संपलेले गीत वंडर अवचित पुन्हा सुरू करतो, तेव्हा गोंधळलेल्या वादकाने स्वरपट्टी विचारल्याचे तीत ऐकू येते. हा दोषच तिचे वैशिष्ट्य ठरला. ‘चीप ट्रिक’ या वाद्यवृंदाच्या ‘आय वाँट यू टू वाँट मी’ या गीताची ध्वनिमुद्रणगृहात सिद्ध झालेली आवृत्ती (१९७७) अमेरिकेत उपेक्षित राहिली; मात्र टोकिओच्या बुदोकान सभागृहात १९७८ मध्ये मुद्रित झालेली आवृत्ती १९७९ मध्ये त्याच सूचीत सातव्या स्थानी पोहोचली. तीत श्रोत्यांचे प्रतिसाद हे गीताचाच एक घटक बनले आहेत. तथापि श्रोत्यांचा उत्साह रचनेचे दौर्बल्यही झाकू शकतो. कॉव्हेंट्री येथे मुद्रित झालेले चक बेरीचे ‘माय डिंग-ए-लिंग’ (१९७२) हे द्व्यर्थी विनोदगीत सामूहिक गायनाच्या बळावर अग्रस्थानी पोहोचले. रॉक अँड रोलला घडविणाऱ्या त्याच्या ‘जॉनी बी. गुड’ला (१९५८) ते लाभले नव्हते. मैफलीचे मुद्रण प्रसंग जपते. गीताचे मूल्य मात्र रचना व आविष्कार यांवरूनच ठरते.