दोन विहिरी, एकच यादी : एंबरमध्ये ऑब्जेक्ट कसा बनतो आणि कुठे फसवतो

गेल्या मे महिन्यात मी आरोंद्याच्या एका काकींना फोनवर चुकीचा आकडा सांगितला. त्यांची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. तेरेखोल नदीच्या काठाने काही विहिरींच्या पाण्याची विद्युत वाहकता मोजणं हा माझ्या पीएचडीच्या कामाचा एक भाग आहे. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी वाहकता जास्त. मीटर पाण्यात बुडवला की मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये आकडा मिळतो. मी सुट्टीत बांद्याला घरी होते. काकींनी विचारलं, "पाणी बरा आसा मां गो? चाय बरी लागणा नाय." मी लॅपटॉपवर आमचं पान उघडलं, सरासरी बघितली आणि म्हटलं, "काकी, वाटतं तेवढं खारट नाही."

खारट होतं. काकींची जीभ बरोबर होती, माझं पान चूक होतं.

झालं होतं ते असं. आमच्याकडे नोंदी बघण्यासाठी एंबर या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या जुन्या पद्धतीत लिहिलेलं एक छोटं पान आहे. त्यात 'विहीर' नावाचा क्लास मी घातला, म्हणजे चूक माझीच. क्लासमध्ये विहिरीचं नाव, खोली आणि 'नोंदी' नावाची एक रिकामी यादी. यादीतून विहीर निवडली की तिचा ऑब्जेक्ट बनतो आणि तिच्या नोंदी त्या रिकाम्या यादीत एकेक करून ढकलल्या जातात. यादीत पहिली विहीर आमच्या घरची होती, त्यामुळे तपासताना मी नेहमी तीच आधी उघडायचे आणि ती नेहमी बरोबर यायची.

आकडे सोपे करून सांगते. समजा घरच्या विहिरीच्या नोंदी 100, 110, 120 आहेत, सरासरी 110. खाडीकाठच्या विहिरीच्या 1900, 2000, 2100, सरासरी 2000. घरची आधी उघडली तर 110 दिसायचे आणि मग काकींची उघडली की 1055. पान रिफ्रेश करून काकींची आधी उघडली तर 2000, आणि मग घरची 1055! दुसऱ्या विहिरीच्या वाट्याला सहाही नोंदींची सरासरी येत होती, कारण दोन्ही विहिरींना नोंदींची यादी एकच होती. 1055 हा आकडा बघून कोणालाही शंका येणार नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. ग्राफवर उडी दिसली तरी "भरतीचा परिणाम असेल" असं म्हणून मी तिला एक कारणसुद्धा देऊन टाकलं होतं. (संशोधन करणाऱ्यांना कारणं फार पटकन सुचतात.)

आता फ्रेमवर्ककडे वळू. एंबरच्या जुन्या पद्धतीत ऑब्जेक्ट बनवण्याचे दोन टप्पे आहेत. आधी 'एक्स्टेंड' वापरून क्लास ठरवायचा आणि कंसात त्याचे गुणधर्म लिहायचे. मग 'क्रिएट' वापरून त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट बनवायचा आणि कंसात या ऑब्जेक्टपुरत्या किमती द्यायच्या. क्रिएटमध्ये दिलेल्या किमती ऑब्जेक्टवर बसल्या की एंबर 'इनिट' नावाचं फंक्शन आपण होऊन चालवतं. सुरुवातीची मांडामांड तिथे करायची.

दोन्ही कंस दिसायला अगदी सारखे. नाव, मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग किंमत. पण एक्स्टेंडचा कंस प्रोग्राम सुरू होताना एकदाच चालतो आणि क्रिएटचा कंस प्रत्येक ऑब्जेक्टमागे नव्याने. मी रिकामी यादी एक्स्टेंडच्या कंसात लिहिली, म्हणून यादी एकच बनली आणि ती क्लासच्या प्रोटोटाइपवर जाऊन बसली. तीच यादी क्रिएटच्या कंसात दिली असती किंवा इनिटमध्ये बनवली असती, तर प्रत्येक विहिरीला स्वतःची यादी मिळाली असती.

प्रोटोटाइप म्हणजे साचा, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. गणपतीच्या शाळेतला साचा आठवून हे समजायला गेलात तर फसाल. साच्यातून मूर्ती बाहेर आली की तिचा साच्याशी संबंध संपतो. जावास्क्रिप्टमध्ये तो संपत नाही. ऑब्जेक्टकडे एखादा गुणधर्म स्वतःचा नसेल तर तो दर वेळी प्रोटोटाइपकडे जाऊन बघतो. कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल: प्रोटोटाइप म्हणजे सामाईक क्षेत्र. त्यावर सामाईक विहीर आहे. मी माझ्या परसात वेगळी विहीर खणली तर मी तिचं पाणी वापरेन आणि बाकीच्यांच्या पाण्याला काही होणार नाही. गुणधर्माला नवी किंमत दिली की हेच होतं. पण मी सामाईक विहिरीतच मिठाचं पोतं ओतलं तर सगळ्यांचं पाणी खारट होईल. यादीत 'पुश' करणं म्हणजे हे पोतं. म्हणूनच एक्स्टेंडच्या कंसात आकडा किंवा नाव लिहिलं तर काही बिघडत नाही, कारण ते आतून बदलता येत नाहीत. बदलायचे तर नवे द्यावे लागतात. यादी आणि ऑब्जेक्ट मात्र आतून बदलतात.

एंबरच्या कागदपत्रांनी हे लपवलेलं नाही. क्लास आणि इन्स्टन्स समजावणाऱ्या पानावर खरेदीच्या यादीचं उदाहरण आहे, अंडी आणि चीज असलेली यादी, आणि ती इनिटमध्ये का बनवायची ते स्वच्छ लिहिलंय. लिंटरमध्येही एक नियम आहे, जो एक्स्टेंडच्या कंसात यादी दिसली की टोकतो. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की हा धोका सूचना म्हणून ठेवला, पद्धतीत मिटवला नाही. शिकणारा माणूस आधी नावं आणि आकडे घालून क्लास बनवतो, सगळं नीट चालतं, हात बसतो, आणि मग पुढे कुठेतरी वाचतो की यादी मात्र इथे घालू नका. तोपर्यंत सवय लागलेली असते. शिवाय एंबरची ख्याती काय, तर तुमच्या वतीने शेकडो निर्णय घेऊन ठेवणारं फ्रेमवर्क! फाइल कुठे ठेवायची, तिचं नाव काय असावं, हेसुद्धा ते ठरवतं. जिथे निर्णयाची खरी गरज होती तिथे मात्र "तुम्ही लक्षात ठेवा" म्हणून मोकळं झालं.

हे मिटवता आलं असतं का? आलं असतं. व्ह्यू फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपोनंटचा डेटा साध्या ऑब्जेक्टच्या रूपात दिला तर तो घेतलाच जात नाही आणि विकासाच्या वेळी कन्सोलवर इशारा येतो: फंक्शन द्या, म्हणजे प्रत्येक वेळी नवा डेटा बनेल. तुमच्यापैकी बहुतेकजण पायथनवाले असणार, त्यांनी हसू नये. तिथेही फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी यादी डिफॉल्ट म्हणून दिली की ती एकदाच बनते आणि प्रत्येक कॉलमध्ये तीच येते. क्लासच्या अंगात लिहिलेली यादीही सामाईकच. पण 2018 मध्ये पायथन 3.7 बरोबर डेटाक्लास आले, तेव्हा त्यांनी हे दार बंद केलं. डेटाक्लासमध्ये डिफॉल्ट म्हणून यादी लिहा, क्लास बनतानाच एरर येते. प्रोग्राम थांबला की माणूस शोध घेतो. 1055 दिसलं की फोन लावतो.

न्यायाने बोलायचं तर एंबरचा काळ लक्षात घ्यायला हवा. स्प्राउटकोअर नावाचं फ्रेमवर्क होतं, ॲपलने मोबाइलमी या सेवेसाठी वापरलेलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम 2011 च्या अखेरीस एंबर या नव्या नावाने पुढे आलं आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये 1.0 निघालं. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात 'क्लास' हा शब्द आला 2015 मध्ये. म्हणजे भाषेत क्लासची मांडणीच नसताना या लोकांना ती स्वतः उभी करावी लागली. प्रोटोटाइप वापरण्यात फायदाही होता: शंभर विहिरी असल्या तरी सरासरी काढणारं फंक्शन एकदाच ठेवायचं. फंक्शन सामाईक असणं योग्यच. चूक झाली ती फंक्शन आणि डेटा एकाच कंसात, एकाच लिपीत लिहायला लावण्यात.

त्याच कंसात आणखी एक गोंधळ आहे. सर्वसाधारणपणे पोटक्लासमध्ये लिहिलेली किंमत मूळ क्लासच्या किमतीला झाकते. पण कंपोनंटच्या सीएसएस क्लासांच्या नावांची यादी लिहिलीत तर ती झाकत नाही, मूळ यादीला जोडली जाते. काही गुणधर्म 'जोडायचे' आहेत अशी नोंद आतल्या आत केलेली असते म्हणून. सोयीचं आहे, मान्य. पण एका ओळीकडे बघून ती झाकेल की जोडेल हे कळत नसेल, तर वाचणाऱ्याने काय वाचायचं?

2019 च्या डिसेंबरात 3.15 या आवृत्तीबरोबर एंबरची 'ऑक्टेन' मांडणी आली आणि भाषेतले मूळ क्लास वापरणं हीच मुख्य पद्धत झाली. यात क्लासच्या अंगात लिहिलेलं फील्ड प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नव्याने बनतं. माझी 'नोंदी' यादी तिथे असती तर काकींना बरोबर आकडा गेला असता. फरक एका चिन्हाचा: दोन ठिपक्यांच्या जागी बरोबरचं चिन्ह. मला ही सुधारणा मनापासून आवडते.

तरी खड्डा पूर्ण बुजलेला नाही, थोडा सरकला आहे. एंबरच्या मूळ ऑब्जेक्टवरून असा नवा क्लास बनवला आणि तो क्रिएटने घडवला, तर क्रम असा असतो: आधी कन्स्ट्रक्टर आणि फील्ड, मग क्रिएटमध्ये दिलेल्या किमती, मग इनिट. समजा क्लासमध्ये लिहिलं की खोली 5, आणि पुढच्या ओळीत दोरीची लांबी खोलीच्या दुप्पट. आता क्रिएट करताना खोली 7 दिली. ऑब्जेक्टला खोली विचारा, 7 सांगेल. दोरी विचारा, 10 सांगेल. दुप्पट करताना 7 अजून आलेलेच नव्हते! एरर नाही, इशारा नाही. हिशेब इनिटमध्ये केला असता तर 14 आले असते. म्हणजे पुन्हा तेच: कुठली ओळ कधी चालते हे ओळीकडे बघून कळत नाही, ते बाहेरून माहीत असावं लागतं.

हा क्रम मी पाठ केलेला नाही. कागदावर तीन ओळींचा क्लास लिहून, प्रत्येक टप्प्यावर किंमत छापून बघितला. तुमच्याकडे कुठलंही फ्रेमवर्क असू दे, अर्धा तास लागतो. आणि ऑब्जेक्ट तपासताना एक बनवून थांबू नका, दोन बनवा आणि क्रम उलटा करून पुन्हा बघा. मी फक्त एकच बनवत राहिले आणि महिनाभर पहिल्या विहिरीवर खूश होते.

गाइडना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. आधी त्यांनी विचारलं, "या पानावरून आणखी कुणाला काय सांगितलंयस?" एका अहवालाच्या मसुद्यात एक तक्ता होता. तो कच्च्या नोंदींवरून पुन्हा केला, आणि पद्धतीच्या भागात पानाची दुरुस्ती कधी झाली ते लिहिलं.

काकींना मी फोन केला नाही, बांद्याहून गाडी काढून गेले. वहीतल्या नोंदी दाखवल्या, त्यांच्यासमोर मीटर पुन्हा पाण्यात बुडवला. त्या आकड्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुका सांगलंय मां." चहा त्यांनी शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा केला होता.