खडक आणि गाळ : किनारी जीवसमुदायाच्या एका सिद्धान्ताचे परीक्षण

जीवसमुदायाची घडण जातींच्या परस्परसंबंधांतून होते, या मतास समुद्रकिनाऱ्यावरील दोन प्रयोगांनी बळकटी आणली. जोसेफ कॉनेल यांचा स्कॉटलंडमधील बार्नॅकलविषयक निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. खडकाच्या वरच्या पट्ट्यातील लहान जाती खालीही जगू शकते. पण तेथील दुसरी जाती तिला टिकू देत नाही, असे त्यांनी दाखविले. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खडकाच्या एका भागातून तारामासे सतत काढून टाकले. त्यांचे भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी जागा व्यापली आणि १५ जातींचा समुदाय ८ जातींवर आला. भक्षक हा प्रबळ जातीची मक्तेदारी रोखून वैविध्य राखतो, हे अनुमान पेन यांनी १९६६ साली मांडले.

या प्रयोगांची थोरवी निर्विवाद आहे. केवळ निरीक्षणावरून तर्क न करता एक घटक दूर करून परिणाम पाहणे, ही शिस्त त्यांनी या शास्त्रास दिली. तथापि दोहोंची भूमी खडकाची आहे, हे विसरून चालणार नाही. खडक स्थिर असतो. झगडा केवळ त्यावरील जागेसाठी असतो. नदीमुखात मात्र जागाच गाळाची असते, आणि ती घडते व मोडते. तिवरांची श्वसनमुळे प्रवाह मंद करून गाळ अडवितात. खेकडे बिळे करून त्यात हवा खेळवितात. ऑस्ट्रेलियातील एका खारफुटीतून खेकडे काढल्यावर जमिनीतील सल्फाइड व अमोनियम वाढले आणि झाडांची वाढ मंदावली, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. येथे निर्णायक ठरते ते साहाय्य. स्पर्धेचे स्थान दुय्यम आहे.

परंतु हे साहाय्यही गाळाच्या पुरवठ्यावर अवलंबून असते, आणि तो पुरवठा समुद्रापासून दूर ठरतो. पाथरी व गंगाखेड तालुक्यांतून वाहणारी गोदावरी दख्खनच्या काळ्या मातीचा अंश आंध्रातील कोरिंगाच्या खारफुटीकडे नेते. गंगाखेडच्या घाटावर पावसाळ्यात दिसणारे गढूळ पाणी हे त्या वनाचे भांडवलच होय. पूर्णेवरील येलदरी व पैठणचे जायकवाडी यांसारख्या धरणांत गाळ साठतो. १९७० च्या दशकानंतर गोदावरीने समुद्रास दिलेला गाळ घटला असून त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे हटला आहे. जेथे भूमीच खचते, तेथे खेकडा व तिवर यांचा परस्परोपकार कितीही दृढ असला तरी अपुरा पडतो.

म्हणून पेन यांचे अनुमान त्याज्य ठरत नाही. त्याची व्याप्ती तेवढी मर्यादित होते. जातींचे संबंध समुदायास आकार देतात खरे. पण तो आकार कोणत्या भूमीवर उमटावयाचा, हे नदीमुखात वरचे खोरे ठरविते. या दृष्टीने परभणीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील अभ्यासकासही हा विषय परका नाही. पात्रातील गाळाचे मोजमाप हा नदीमुखाच्या अभ्यासाचाच पहिला अध्याय आहे.