एक स्मृतिग्रंथ आणि त्याचे वाचक
आझर नफीसी यांचा ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’ हा स्मृतिग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. निवडक विद्यार्थिनींना घरी बोलावून केलेले साहित्यवाचन हा त्याचा गाभा. अमेरिकेतील पुष्कळ वाचकांनी तो इराणी स्त्रीच्या दास्याची साक्ष म्हणून गौरविला. हमीद दबाशी यांनी २००६ साली त्यास साम्राज्यवादाचे साधन ठरविले. मुखपृष्ठावरील मुलींच्या हातचे वृत्तपत्र मूळ छायाचित्रातून छाटले गेले, हा त्यांचा आक्षेप मार्मिक खरा. परंतु तो मुखपृष्ठाला लागू पडतो, ग्रंथाला नव्हे. क्रांतीपूर्वीच श्रद्धेने शिरोवस्त्र घेणारी एक विद्यार्थिनी या ग्रंथात आहे. सक्ती येताच तिच्या श्रद्धेचे ते चिन्ह अर्थहीन झाले. ही व्यथा स्तुतीतही मावत नाही, निंदेतही नाही. ग्रंथाची खरी कसोटी तेथेच लागते.