कुणाला, कधी कळलं?

वेशांतराच्या विनोदी सिनेमात आपण एकाच प्रश्नावर डोळा ठेवून बसतो: सोंग उघडं कधी पडणार? मला त्याहून दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो. समोरच्याला खरं काय ते आधी कळतं आणि मग तो प्रेमात पडतो, की आधी प्रेमात पडतो आणि मग त्याला कळतं? एवढा क्रम उलटा केला की तोच विनोद वेगळ्या जातीचा होतो. बर्लिनमध्ये पंधरा वर्षांच्या अंतरानं बनलेले दोन सिनेमे लागोपाठ पाहिले की हे लख्ख दिसतं.

पहिला १९१८चा मूकपट. नाव ‘इश म्योख्टे काइन मान झाइन’, म्हणजे ‘मला पुरुष व्हायचं नाही’. लांबी पाऊण तासाच्या आसपास. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच, वय सव्वीस. नायिका ओसी पत्ते कुटते, सिगारेट ओढते, दारू पिते आणि घरातल्या शिस्तीच्या बाईंना वात आणते. तिला वठणीवर आणायला डॉक्टर केर्स्टेन नावाचा नवा पालक नेमला जातो. ओसी पुरुषी सूट शिवून घेते आणि रात्री नाचाच्या समारंभाला एकटीच जाते. शिंप्यांच्या दुकानातला प्रसंग बघाच. तिची मापं घेण्यावरून सगळे शिंपी हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी एकेक अवयव आपसांत वाटून घेतात. पुरुष होणं म्हणजे काय, ते तिला पुढे कळतं. टाय बांधता येत नाही, गर्दीत कुणी पर्वा करत नाही, सिगारनं पोटात ढवळतं, आणि मग कुठल्या स्वच्छतागृहात शिरायचं हाच प्रश्न पडतो.

समारंभात पालकमहाशय भेटतात. ते या ‘पोरा’ला ओळखत नाहीत. दोघं भरपूर पितात, गळ्यात गळे घालतात, आणि घरी जाताना घोडागाडीत एकमेकांचे मुके घेतात. एकदा नाही, बऱ्याचदा. ओसीला समोर कोण आहे ते ठाऊक आहे. केर्स्टेनला एवढंच ठाऊक आहे की आपण एका देखण्या तरुणाचा मुका घेतोय, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. दारूचं निमित्त आहे, मान्य. पण लुबिच त्या निमित्तामागे लपत नाही. शेवटी ओसीचे केस मोकळे होतात, सगळं सुरळीत लागतं, तरी गाडीतल्या त्या मुक्यांचा खुलासा कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. पुरुषांमधल्या संबंधांना जर्मनीत तेव्हा कायद्यानं शिक्षा होती, कलम १७५. तरी सिनेमा हसतो आणि पुढे जातो.

आता दुसरा. ‘विक्टोर उंट विक्टोरिया’, १९३३चा, राइनहोल्ड शुन्त्सेलचा बोलपट. विक्टोर हा शोकांतिकांची स्वप्नं बघणारा फुटकळ नट. पोटासाठी एका फालतू नाट्यगृहात बाईच्या वेषात नाचतो. त्याचा घसा बसतो आणि त्याच्या जागी सुझान उभी राहते. म्हणजे हिशेब असा: एक बाई, जी पुरुष असल्याचं सोंग करते, जो बाई असल्याचं सोंग करतो. अंक गाजतो, लंडनपर्यंत जातो. तिथे रॉबर्ट नावाचा उमदा गृहस्थ भेटतो. त्याच्यासोबतची एलिनॉर या ‘तरुणा’वर भाळते. रॉबर्टला मात्र खरी गोष्ट बरीच लवकर, चोरून ऐकून, कळते.

तिथून सिनेमा त्याच्या हातात जातो. तो सुझानला पुरुषांच्या दुनियेत फिरवतो. व्हिस्की पाजतो, सिगार देतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसवून दाढीसाठी साबण फासायला लावतो. तिला वाटतं आपण निभावून नेतोय. त्याला सगळं ठाऊक आहे, आणि आपल्यालाही. हसू येतं, पण या खेळात थोडं क्रौर्य आहे. मांजर उंदराला लगेच मारत नाही, तसं. शिवाय रॉबर्टला आता कसलाच धोका नाही. केर्स्टेनवर आलेली वेळ त्याच्यावर येऊच शकत नाही, कारण पटकथेनं त्याच्या हाती आधीच सुटकेचा दाखला दिलाय. या अर्थानं १९३३चा सिनेमा १९१८च्या मानानं भित्रा आहे.

पण एवढ्यावर त्याला निकालात काढता येत नाही, आणि त्याचं कारण रॉबर्टचं काम करणारा नट. आडोल्फ वोलब्र्युक. समोरच्याचं गुपित आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ते फोडणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर जसं उमटतं तसं मी फार थोड्या नटांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ओठांच्या कोपऱ्यात हसू, डोळे स्थिर. वोलब्र्युक स्वतः समलिंगी होता. गुपित बाळगणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दिग्दर्शकाकडे पाहिलं तर गोष्ट आणखी गडद होते. शुन्त्सेल आधी नट होता. १९१९मध्ये ‘आंडर्स आल्स दी आंडर्न’ नावाचा सिनेमा आला. त्यात एका समलिंगी वादकाला धमकावून पैसे उकळले जातात आणि शेवटी तो जीव देतो. त्याला लुबाडणाऱ्याचं काम शुन्त्सेलनंच केलं होतं. त्या सिनेमामागे होते बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड. त्यांची संस्था मे १९३३मध्ये नाझी तरुणांनी लुटली आणि तिची पुस्तकं चौकात जाळली. त्याच वर्षी डिसेंबरात ‘विक्टोर उंट विक्टोरिया’ झळकला. तेव्हा एकेकाळी गुपिताचे पैसे वसूल करणारा माणूस रंगवलेल्या शुन्त्सेलनं, गुपित कळूनही ते मुठीत जपणारा माणूस पडद्यावर आणला, आणि तोही अशा शहरात जिथे शेजाऱ्याचं गुपित ठाऊक असणं हे हत्यार होऊ लागलं होतं. हे त्यानं ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण एकदा हे ठाऊक झालं की न्हाव्याच्या खुर्चीतला प्रसंग पहिल्यासारखा पाहता येत नाही. रॉबर्टचा खेळ क्रूर वाटतो तितकाच आता राखणदारीसारखाही वाटतो.

सिनेमात खोट आहेच. विक्टोर झालेला हेर्मान थिमिग तोंड वेडंवाकडं करण्यात फार वेळ खातो. एलिनॉरच्या मनाचं पुढे काय झालं याची कुणी विचारपूस करत नाही, आणि ते मला जास्त खुपतं. तिला आवडलेला तरुण अस्तित्वातच नव्हता. रॉबर्टला ते माहीत होतं, तिला नव्हतं. रेनाटे म्युलर मात्र लाजवाब. ती पुरुषासारखी मुळीच दिसत नाही, आणि दिसायचा आटापिटाही करत नाही. टेलकोटमध्ये ती भ्यालेली दिसते आणि मजेतही, दोन्ही एकदम.

पुढचं थोडक्यात. म्युलर १९३७मध्ये खिडकीतून पडून गेली, एकतिसाव्या वर्षी. नाझींच्या लेखी ‘अर्धा ज्यू’ असलेला शुन्त्सेल काही वर्षं खास परवानगीवर टिकला, मग अमेरिकेत गेला आणि हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मध्ये नाझींच्या टोळीतला शास्त्रज्ञ झाला. वोलब्र्युकनं १९३६मध्ये देश सोडला आणि आडोल्फ हे नाव टाकून अँटन वॉलब्रुक झाला.

गोष्टीनं त्यानंतर बरीच घरं बदलली. १९८२मध्ये ब्लेक एडवर्ड्सनं हॉलिवुडमध्ये ती पुन्हा केली तेव्हाही नायक न्हाणीघरात लपून, ही बाई आहे याची आधी खात्री करून घेतो आणि मगच मुका घेतो. म्हणजे चौसष्ट वर्षांनीही केर्स्टेनची बरोबरी झाली नाही.

बरोबरी झाली ती मध्येच, १९५९मध्ये. कुर्ट हॉफमानचा ‘फानफारेन डेर लीबे’ (१९५१) हा बायकांच्या वाद्यवृंदात बाई होऊन शिरणाऱ्या दोन बेकार वादकांचा जर्मन सिनेमा. तो स्वतःच १९३५च्या एका फ्रेंच सिनेमावरून उचललेला. त्यावरून बिली वाइल्डरनं ‘सम लाइक इट हॉट’ केला, ज्याचा आपल्याकडे १९७५मध्ये ‘रफू चक्कर’ झाला. वाइल्डर बर्लिनमध्येच पटकथा लिहायला शिकला आणि १९३३मध्ये तिथून पळाला. लुबिचला तो गुरू मानायचा. त्याच्या सिनेमाच्या शेवटी मोटरबोटीत म्हातारा कोट्यधीश ऑसगुड आपल्या ‘वधू’ला घेऊन चाललाय. ती लग्न मोडायला एकेक कारण सांगते, त्याचं काही बिघडत नाही. शेवटी जेरी वैतागून टोप उपटतो आणि आपण पुरुष असल्याचं सांगून टाकतो. ऑसगुड सुकाणू धरून समोर बघत असतो. तो मान वळवत नाही, बोटीचा वेगही कमी करत नाही.