'क्रॅश'मधला पोलीस आणि फर्ग्युसनचे दोन अहवाल



आज सिनेमाबद्दल लिहितेय. मेथडॉलॉजीची पोस्ट कुठे गेली म्हणून विचारू नका, तीच आहे ही.

आधी एक कबुली देते. एमएस्सीला असताना हॉस्टेलवर पॉल हॅगिसचा 'क्रॅश' पाहिला आणि भारावून गेले. पुढे जो भेटेल त्याला "वंशभेद समजून घ्यायचाय ना, मग हा बघच" असं सांगत सुटले. गेल्या महिन्यात पीएचडी प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने माझ्याच सांगण्यावरून तो पाहिला आणि विचारलं, "ताई, अमेरिकेत साधारण किती टक्के पोलीस वर्णद्वेषी असतील?"

मी गप्पच झाले. त्या सिनेमातून दुसरा प्रश्न निघणं अवघड आहे, आणि या प्रश्नावर संशोधन उभं राहत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिसमधला एक गोरा पोलीस एका कृष्णवर्णीय जोडप्याची गाडी अडवतो आणि झडतीच्या नावाखाली नवऱ्यादेखत बायकोचा विनयभंग करतो. दुसऱ्या दिवशी तोच पोलीस जीव धोक्यात घालून त्याच बाईला अपघातग्रस्त गाडीतून बाहेर काढतो. मध्ये त्याचे आजारी वडील दाखवलेत, म्हणजे आपल्याला त्याची दया यावी. आणि त्याचा भला वाटणारा तरुण सहकारी शेवटी एका निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालतो. प्रत्येकात थोडं पाप, थोडं पुण्य, हिशेब चुकता! 2006 मध्ये याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

परवा पुन्हा पाहिला तेव्हा एका छोट्या प्रसंगावर अडकले. तो तरुण पोलीस साहेबाकडे जोडीदार बदलून मागायला जातो. साहेब स्वतः कृष्णवर्णीय. तक्रार वर गेली तर आपली इतक्या वर्षांची नोकरी अडचणीत येईल हे त्याला माहीत आहे, म्हणून तो सुचवतो की कारण म्हणून गॅसेसचा त्रास लिहून दे. हॉस्टेलवर आम्ही इथे खो-खो हसलो होतो. अख्ख्या सिनेमात खातं कसं चालतं हे दाखवणारी हीच जागा होती, आणि तिचा विनोद करून टाकलाय.

आता खऱ्या जगात या. 9 ऑगस्ट 2014 ला मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राऊन हा 18 वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने एकाच दिवशी दोन अहवाल काढले. पहिला त्या एका गोळीबाराबद्दल होता, आणि त्यात त्या पोलिसावर केंद्रीय गुन्हा चालवण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. दुसरा अख्ख्या पोलीस खात्याबद्दल. गावात कृष्णवर्णीय 67 टक्के, पण अडवलेल्या गाड्यांमध्ये 85 टक्के, अटकेत 93 टक्के.

तुम्ही लगेच म्हणाल, टक्क्यांवरून भेदभाव कसा सिद्ध होतो? बरोबर, असंच विचारायला हवं. म्हणून पुढचा आकडा बघा. गाडी अडवल्यावर कृष्णवर्णीय चालकांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा झाली, पण झडतीत बेकायदा वस्तू सापडण्याचं प्रमाण त्यांच्यात 26 टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे त्यांच्याबाबतीत कमी संशयही झडतीला पुरत होता. (या टेस्टमध्येही गोची आहे. ती सरासरी मोजते, आणि आपल्याला हवा असतो तो झडती घ्यावी की नाही हा काठावरचा निर्णय. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.) शिवाय नगरपालिका दंडाच्या वसुलीवर बजेट आखत होती आणि वसुली वाढवण्यासाठी पोलीसप्रमुखाच्या मागे लागत होती. अशा ठिकाणी एखाद्या हवालदाराच्या मनात द्वेष आहे की नाही याने फार फरक पडत नाही. पावत्या फाडल्याच जाणार.

सिनेमावाले नेहमी पहिल्या अहवालाच्या मागे जातात. एक रात्र, एक पोलीस, एक मृतदेह. कॅथरिन बिगेलोचा 'डेट्रॉइट' (2017) घ्या. 1967 साली अल्जिअर्स मोटेलमध्ये तीन कृष्णवर्णीय तरुण मारले गेले, त्यावरचा. मोटेलमधला छळ इतका लांबवलाय की मला मध्येच बंद करून चहा करावा लागला. तो सैतानासारखा पोलीस डोक्यातून जात नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो, कारण तो सैतान वाटला की बाकीचं खातं सुटतं. आरोपी निर्दोष कसे ठरले, सगळी गोरी ज्युरी कशी बसली, हे शेवटी घाईघाईत उरकलंय. मला तर सिनेमा तिथून सुरू व्हायला हवा होता.

"सिनेमा म्हणजे प्रबंध नव्हे" असं माझी लॅबमेट म्हणाली. मान्य आहे, आकडेवारी कोण बघेल? पण स्पाइक लीचा 'डू द राइट थिंग' 1989 चा आहे आणि त्याच्यात एकही आकडा नाही. पोलीस रेडिओ रहीमचा गळा दाबून जीव घेतात, प्रेत गाडीत टाकून निघून जातात. त्या पोलिसांना ना आजारी बाप, ना पश्चात्ताप. आणि रस्त्यावरची माणसं ओरडतात ती मायकेल स्टुअर्ट, एलिनॉर बम्पर्स ही नावं. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी पोलिसांच्या हातून खरोखर मेलेल्या माणसांची. एका मिनिटात कळतं की ही केस एकटी नाही.

ज्युनिअरला आता हा पाठवलाय. तिचा मेसेज आला, "ताई, त्या नावांच्या फाइल्स कुठे मिळतील?"